नुसता वारा

पोळ्याच्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण ती माझ्या काचेवर आपोआप उमटते. तेव्हा सावरगावच्या एका ओसरीवर प्रणालीने स्टीलच्या थाळीवर पळी मारली, माझ्या आवाजाची पट्टी लाल झाली, आणि हातभर अंतरावर पाठमोऱ्या बसलेल्या तिच्या लेकीने मान वळवली नाही.

मी आवाज टिपणारा रेकॉर्डर बोलतोय. मुठीत मावेन एवढाच आहे. डोक्यावर दोन माइक आहेत, तेच माझे कान. आजवर दुसऱ्यांचं ऐकून ठेवलं, स्वतःचं काही सांगितलं नाही. आज सांगतो, कारण उद्या सांगता येणार नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा नागपूरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात होतो. माणसं यायची, हातात घ्यायची, हे तर मोबाईलातही होते म्हणायची आणि ठेवून द्यायची. मग केतन आला. तो सौसरला कॉलेजात शिकवतो. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली म्हणतात त्या झडत्या, ती यमकांची कवनं, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून भरून घ्यायच्या, असं त्याने मनात घेतलं होतं. त्यासाठी गावोगाव, रानावनात फिरायला यंत्र पाहिजे होतं. दुकानदार म्हणाला, घेऊन जा, वापरून पाहा, नाही पटला तर परत आणा. म्हणजे मी परीक्षेला बसलो होतो.

केतनने मला सावरगावला आपल्या मोठ्या भावाच्या घरी आणलं. भाऊ विनोद, वहिनी प्रणाली, आई प्रतिभाबाई, आणि खाटेवर दादाजी, म्हणजे या दोघा भावांचे आजोबा. झडत्या त्यांनाच जास्त पाठ. आणि विनोद-प्रणालीची चंचल, अजून वर्षाचीही नाही. तिच्या नावाला सगळे हसत. नाव चंचल आणि पोरगी अशी शांत. कुकरची शिट्टी होवो की कुत्री भांडोत, ती आपली झोपलेली. प्रतिभाबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या आणि शेजारणी घरी जाऊन आपापल्या लेकरांना टोमणे मारायच्या, पाहा जरा तिच्याकडे.

तर ती थाळी. केतनला पाहायचं होतं की मी किती दुरून आवाज उचलतो. त्याने मला खुर्चीवर ठेवलं आणि वहिनीला म्हणाला, आधी इथून वाजवा, मग न्हाणीपासून वाजवा. पहिल्याच फटक्याला टिनावरच्या चिमण्या उडाल्या. दादाजींच्या बशीतला चहा सांडला. चंचल लाकडी बैलाचं चाक फिरवत होती, ती फिरवतच राहिली.

प्रणालीने परत मारलं. मग न्हाणीकडे न जाता लेकीच्या अगदी पाठीमागे जाऊन मारलं.

"वहिनी, बस करा. आवाज फाटून राहिला," केतन म्हणाला.

ती थांबली नाही. आतून प्रतिभाबाई ओरडल्या, "अवं, काय करून राहिली? लेकराचे कान फुटतीन."

प्रणालीची पळी तशीच वर राहिली. ती इतक्या हळू बोलली की ते फक्त मी टिपलं. "फुटते तं रडली असती ना, आई."

त्या संध्याकाळी तोरणाखाली डफडी वाजली, दादाजींनी खाकरून झडती म्हटली, सगळ्यांनी हर हर महादेव केलं. चंचल आईच्या खांद्यावर झोपली होती. बाया येता-जाता तिच्या गालाला हात लावायच्या आणि म्हणायच्या, किती गुणाचं लेकरू. प्रत्येक वेळी प्रणाली मान खाली घालायची. घरी पुरणपोळीचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला.

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. विनोद म्हणाला, मीही चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, आईला विचार. आईने होकार दिला आणि वर बजावलं की पोरीला कोणाची नजर लागली असेल, बाहेर याचा शब्द काढायचा नाही. पोरीची जात आहे, एकदा नाव पडलं की निघत नाही. माणसांची ही सवय मी त्या घरात शिकलो. जे ऐकायचं नसतं त्याला ते नजर लागणं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दरवर्षीची गोटमार होती. जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुटतात, इकडून सावरगाव, तिकडून पांढुर्णा. घरातल्या कोणी नदीवर जायचं नाही म्हणून विनोदने खालचं दार लावलं. केतनने मला स्पंजची टोपी घालून माडीच्या खिडकीत ठेवलं आणि तो खाली गेला. ढोल आणि आरोळ्यांनी खिडकीचे गज थरथरत होते.

प्रणाली लेकीला घेऊन वर आली. एवढ्या आवाजात तरी, असं तिला वाटलं असेल. चंचलने गजाला हात लावला आणि खुदकन हसली.

मी त्या बाईचा श्वास अडकलेला ऐकला. तिने लेकीचा हात गजावरून हळूच काढला. हसू थांबलं. परत ठेवला. परत हसू. हाताला गजाची थरथर कळत होती, एवढंच. ढोल तसेच वाजत होते.

मग तिने लेकीला उराशी धरून कानाला तोंड लावलं.

"चंचल. ए माय. चंचल. पाह्य ना इकडं. एकडाव पाह्य ना."

किती वेळ म्हणत राहिली. मी सगळं भरून घेतलं. दुसरं मला काय येतं?

संध्याकाळी केतनने हेडफोन लावून ते ऐकलं. माझा निकाल त्याने लगेच सांगितला. बंद घरात बरा आहे, उघड्यावर हवेत फडफडतो, टोपी घालूनही. मैदानात कामाचा नाही. मग त्याने वहिनीच्या हाकांची जागा परत लावली आणि हेडफोन भावाच्या कानावर ठेवले.

विनोदने शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून म्हणाला, "वारा हाय नुसता."

त्या जागी वारा पडला होता. मला माहीत आहे, मीच टिपलं आहे. त्यालाही माहीत होतं. कारण उठता उठता त्याने विचारलं, "हे पुसता येते ना यातून?"

आज सकाळी केतन मला परत करायला निघाला. तो वहिनीला म्हणाला, नागपूरला लहान लेकरांचे कान मशीनवर तपासतात, मी चाललोच आहे, चला दोघी. प्रणालीने पिशवी भरली. दुपटं, बाटली, झबली, लाकडी बैल. चपला घातल्या. विनोद दारात बसून होता.

"दिवाळी झाल्यावर पाहू," तो म्हणाला. "एवढ्यात गावात बोंब नको."

"तेव्हा तुमची आई म्हणन, उन्हाळ्यात पाहू."

तो दारातून उठला नाही. केतनने दोनदा समजावलं, मग गाडीची वेळ झाली म्हणून आपली पिशवी खांद्याला लावली. प्रणालीने चपला काढल्या. तिच्या पिशवीतून एकेक वस्तू निघून परत कपाटात गेलेली मी ऐकली. बैल तिने लेकीच्या हातात दिला. निघताना ती दिराला एवढंच म्हणाली, "हे पुसू नका, भाऊजी."

त्याने पुसलेलं नाही. पण दुकानात पुसतील. परत आलेलं यंत्र कोरं करून कपाटात ठेवतात, तशीच पद्धत आहे. आता मी डब्यात आहे, डबा केतनच्या पिशवीत, आणि पिशवी पांढुर्ण्याच्या फलाटावर. गाडीची घोषणा झाली आहे. उद्या मला ना थाळी आठवेल, ना तो आवाज.

म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. तुमच्या गल्लीत ढोलातही झोपणारं गुणाचं लेकरू असेल, तर कौतुक करण्याआधी त्याच्या पाठीमागे थाळी वाजवा. मान वळली नाही तर दिवाळीची वाट पाहू नका, कान तपासून घ्या. हे आपल्या शेजारणीला सांगा, तिला पुढे सांगायला सांगा. असं सांगत सांगत एखाद्या दिवशी ते सावरगावला विनोदच्या दारापर्यंत पोचेल. तिथे जरा मोठ्याने सांगा. त्या घरात ऐकू न येणारी एकटी चंचल नाही.