झाकलेले क्रेट

बादली नाकापासून हातभर लांब धरून ती क्रेटजवळ गेली. वास हाताला वळसा घालून आलाच.

"ओता की वहिनी," शेडच्या दारातून कोंबडीवाला म्हणाला. पोसलेल्या अळ्या आपल्या कोंबड्यांसाठी न्यायला तो आला होता. "चावत नाहीत त्या."

"चावल्या असत्या तर बरं होतं. मारायला निमित्त मिळालं असतं."

"दादा तर गप्पा मारतात त्यांच्याशी."

"माझ्याशी मारायच्या संपल्यात म्हणून."

बादलीत शाळेच्या जेवणघरातलं उष्टं होतं. तिनेच सकाळी रांधलेला भात, तिनेच चिरलेली भाजी, पोरांनी एक घास चावून टाकलेला पाव. तिने डोळे मिटून सगळं ओतलं. डोळे मिटता येतात, कान कुठे मिटता येतात? खालून आवाज आला, मंद आचेवर काहीतरी तडतडत असल्यासारखा. हजारो तोंडं एकदम कामाला लागली होती.

ती नळाजवळ पोहोचली आणि ओकली.

कारण ती स्वयंपाकीण होती.

जेवणघरात तिच्या नजरेसमोर एक भांडं उघडं राहत नसे. उघडं दिसलं की झाकायचं, हे तिचा हातच शिकला होता. डोक्याला विचारावं लागत नव्हतं. वरणात माशी पडली तर ती अख्खं पातेलं फेकून द्यायची. आणि घरी, मागच्या शेडमध्ये, नवऱ्याने माश्या पाळल्या होत्या. पाळल्या होत्या! जाळीच्या पिंजऱ्यात काळ्या लांबट माश्या, त्यांची अंडी, अंड्यांतून अळ्या, अळ्यांना मंडईतला सडका माल आणि शाळेतलं उष्टं. फुगलेल्या अळ्या कोंबड्यांना, खाली उरलेला काळा भुगा रोपवाटिकेला. काही म्हणून वाया जात नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. तिला वाटे, काही गोष्टी वाया जाव्यात म्हणूनच असतात.

आणि तो?

तो बस आगारात मेकॅनिक होता. निवृत्त झाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले, भिंत काही सुटेना. मग कुठूनतरी कागदाच्या पुडीत चिमटीभर अंडी घेऊन आला. त्याच चिमटीचा वंश अजून चालू होता. कोपऱ्यातला निळा क्रेट बियाण्याचा. त्यातल्या अळ्या विकायच्या नाहीत, त्यांच्या माश्या होऊ द्यायच्या. माणूस बोलायला लागला. बोलायचा ते मात्र अळ्यांबद्दल, आणि जेवताना.

"तुझं रांधलेलं पोरं टाकतात," एकदा तो कौतुकाने म्हणाला, "पण ह्या बघ, शीतसुद्धा ठेवत नाहीत."

तिने त्याचं ताट उचललं आणि मागच्या पायरीवर नेऊन ठेवलं. तेव्हापासून तो तिथेच जेवत होता. तक्रार न करता. त्याचीही तिला चीड.

आता तो दवाखान्यात होता. शेडमध्येच पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ती संध्याकाळी डबा घेऊन गेली.

"खाल्लं का त्यांनी?"

"तुम्ही खाल्लंत का, ते विचारायला आलेय मी."

"निळ्याला फार ओलं नको देऊस. वरून भुसा टाक."

"बरं."

"आत जातेस ना, पण? का दारातूनच फेकतेस?"

"गेले. ओकले. परत गेले."

"अगं..."

"पाय हलवू नका."

"बाकीच्या मेल्या तरी चालतील. निळा तेवढा सांभाळ. तो गेला तर मी परत सुरू नाही करायचो. ह्या वयात दुसऱ्यांदा नाही जमायचं."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. पलंगच तसा होता, भिंतीला लागून. तरी डब्याचं झाकण लावता लावता ती थांबली.

घरी आली तर शेजारीण फाटकात उभी. "उद्या आमच्याकडे माणसं यायचीत हो. खिडकी उघडायची सोय नाही. तुमच्याकडे काही मेलंय का?"

हेच ती स्वतः म्हणाली असती, ह्याहून तिखट म्हणाली असती. तिचे कान तापले. तिने नाकावर फडकं बांधलं, दोनदा आत जायला नको म्हणून उद्या सकाळसाठी ठेवलेलं उष्टंही आताच घातलं, शेडच्या खिडक्या लावल्या. मग जाड प्लास्टिक काढलं आणि एकेक क्रेट झाकत गेली. मळलेली कणीक झाकावी तशा कडा खोचल्या, वरून दोरी आवळली. निळ्याला जरा जास्तच मायेने. सगळं दिसेनासं झालं. आवाज दबला. शेड पहिल्यांदा स्वच्छ वाटली.

रात्री तिला छान झोप लागली.

अळ्या दाटीवाटीने खातात तेव्हा तापतात. इतक्या, की क्रेट बाहेरून हाताला गरम लागतो. त्यांना मोकळा वारा हवा असतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा सांगायला विसरला होता असंही नाही. अळ्यांवर कुणी झाकण घालेल, हेच त्याच्या मनात आलं नव्हतं.

सकाळी दार उघडलं आणि वाफ तोंडावर आली.

प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब, थेंबांत चिकटलेल्या अळ्या. ज्यांना फट सापडली त्या बाहेर पडल्या होत्या. भिंतीवर, दिव्याच्या वायरवर, खुंटीवरच्या त्याच्या टोपीत. पायाखाली काहीतरी फुटलं, पाय मागे घेतला तर तिथेही फुटलं. तिने निळ्याची दोरी सोडली. आतलं सगळं तपकिरी, मऊ, गप्प.

आणि वास. सडल्याचा वास तिला एव्हाना ओळखीचा झाला होता. हा तो नव्हता. नुसत्या वाफेवरून मीठ कमी का जास्त ते सांगणारं तिचं नाक तिच्याआधी बोललं: शिजलंय. नीट शिजलंय.

तिच्या तोंडात पाणी आलं. ते ओकारीचं होतं की आणखी कसलं, हे तिला कळेना. त्या न कळण्याने तिला शिसारी आली, आजवर कधी आली नव्हती एवढी. अळ्यांची नाही. स्वतःची.

कोंबडीवाल्याला तिनेच फोन करून बोलावलं. त्याने काडीने निळा क्रेट ढवळला. "वहिनी, हे तर तुम्ही शिजवलंत." तो थट्टा करत नव्हता.

"चाळून निघतील का जिवंत?"

"चाळणीत अर्धमेल्या चिरडतात. हाताने निवडल्या तर निघतील थोड्या, बुडाशी असतात. पण कशाला? माझ्या ओळखीचा एक आहे, अंडी देईल. दादा घरी येईतो क्रेट भरतो की नाही बघा. कळणारसुद्धा नाही त्यांना. अळी ती अळी."

अळी ती अळी. तिचंही इतकी वर्षं हेच मत होतं. मान हलवायची तेवढी बाकी होती.

"तुम्ही या आता," ती म्हणाली. "कोंबड्या खोळंबल्या असतील."

तो गेला. तिने निळा क्रेट दारापाशी उजेडात ओढला, शेजारी परातीत कोरडा भुसा पसरला आणि तशीच उकिडवी बसून राहिली. हात पुढे जाईना. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो क्रेटच्या कडेवर ठेवून स्पीकर लावला.

"खाल्लं का त्यांनी?"

"मेल्या. मी झाकलं होतं. प्लास्टिकने, गच्च."

पलीकडे कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिची चाकं करकरत लांब गेली.

"निळा?"

"तोही. निवडायला बसलेय."

"कशाने?"

"हाताने."

"तुला नाही जमायचं ते. सोड."

"जिवंत कशी ओळखायची ते सांगा."

"अगं, राहू दे ना."

"सांगा म्हणते ना!"

"बोटाने दाबायची," तो म्हणाला. "हलकेच. मेलेली दबते. जिवंत असली तर ती तुला दाबते."

तिने हात घातला. मनगटापर्यंत गेला. आत अजून कोमट होतं. दाबलं, मऊ. दाबलं, मऊ. एक बोटाखाली फुटली आणि आतलं पाणी नखात गेलं. तिने मान वळवली आणि जमिनीवरच ओकली. तोंड पुसायला हात कामाचे नव्हते, म्हणून खांद्याला पुसलं.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही बोलत राहा."

तो बोलत राहिला. बुडाशी कोपऱ्यात बघ म्हणाला, तिथे ओल कमी असते. त्या उजेडाला घाबरतात म्हणाला, परातीवर सावली धर. तिने अंगाची सावली धरली. दाबलं, मऊ. दाबलं.

बोटाला कुणीतरी उलट ढकललं. बारीकसं, पण चांगलं ठाम. तिच्या अंगावर मानेपासून काटा आला. तिने ती चिमटीत धरली, ती वळवळली, तिने सोडली नाही. भुशावर ठेवली.

"आहे एक," ती म्हणाली.

तो काय म्हणतो याची तिने वाट बघितली नाही. तोंड फिरवलं, श्वास धरला आणि हात पुन्हा खाली घातला.