दर गुरुवारची टाकी

मित्रांनो, मी एक जुनं कॅलेंडर आहे. भिंतीवर टांगलेलं नव्हे बरं का, संगणकातलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका ऑफिसात मी अकरा वर्षं काढली. कुठली लिफ्ट कधी तपासायची, कोण रजेवर, सगळं माझ्या चौकटींत. मला उघडायला जरा वेळ लागायचा, म्हणून सगळे मला नावं ठेवायचे. पण माझ्यावाचून त्यांचं पान हलत नसे.

फोनवर बसणाऱ्या ताईंचा मला फार लळा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यात दर गुरुवारच्या चार वाजताच्या चौकटीत दोनच शब्द लिहिले, 'टाकी साफ'. टाकी कसली! त्यांची मुलगी बोलताना 'ट'वर अडखळायची. ताई तिला उच्चार शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेत. दर आठवड्याला सुट्टी मागायचा संकोच, म्हणून टाकीवाल्यांवर देखरेख करायच्या निमित्तानं जिन्याकडे जात आणि तिथून सटकत.

मग नवं कॅलेंडर आलं. चुणचुणीत, रंगीत. महिनाभर आम्ही दोघांनी जोडीनं चालायचं ठरलं. माझ्यात लिहिलं की दहा मिनिटांत त्याच्यात उमटायचं, त्याच्यातलं खोडलं की माझ्यातलंही जायचं. ही जुळणी बघायला एक संगणकवाला आला. माणूस कामाचा, पण हात जरा जास्तच चालायचा.

"दर आठवड्याला टाकी कोण साफ करतं?" असं म्हणत त्यानं ती ओळ उडवली. गुरुवारचे चार सगळ्यांचे मोकळे दिसले, म्हणून तिथेच नव्या कॅलेंडरचा वर्ग ठेवला. सगळ्यांनी हजर राहायचं.

ते वाचून ताईंचा चेहरा उतरला. शिकवणाऱ्या बाईंचा नियम कडक होता. लागोपाठ दोन खाडे झाले की जागा दुसऱ्या मुलाला. मागच्याच गुरुवारी मुलगी तापानं झोपून होती. आता नसलेल्या टाकीची तक्रार करायची तरी कुणाकडे? मला सगळं ठाऊक होतं, पण मला कुठे तोंड आहे?

गुरुवारी पावणेचारला ऑफिसच्या मोठ्या बाई बाहेर आल्या.

"आज टाकी नाही का?"

"ती मी काढली, मॅडम," संगणकवाला म्हणाला. "चुकून पडली होती."

"अरे, या इमारतीला टाकीच नाही. नळाला थेट पाणी येतं."

"मग?"

"मग काय? होती तिथे ठेव. वर्ग उद्या घे." आणि ताईंकडे न बघताच म्हणाल्या, "निघा तुम्ही. उशीर होईल."

ताईंनी पर्स उचलली. डोळे पुसायलाही थांबल्या नाहीत. संगणकवाल्यानं माझ्या कचरापेटीतून ती ओळ काढून जागेवर ठेवली. दहा मिनिटांत ती नव्यातही उमटली.

आज मला बंद करणार आहेत. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण एक मागणं आहे, मित्रांनो. जुन्यातलं नव्यात नेताना एखादी गोष्ट कळली नाही, तर खोडण्याआधी ती लिहिणाऱ्याला एकदा विचारा.

मघाशी ताई मुलीला घेऊन आल्या होत्या, माझा निरोप घ्यायला. तिनं माझ्या गुरुवारवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "टाकी साफ."

ट कुठेही अडला नाही.