रेडिओने दिलेला नकार

जयनगरच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या खोलीत रेडिओला हार घातला होता, पुढे नारळ ठेवला होता आणि अर्धी गल्ली हात जोडून बसली होती. कारण गेल्या वर्षी वारलेले माझे थोरले भाऊ नरसिंहराव म्हणे त्या रेडिओतून शीळ घालत होते. हयातीत त्यांना कधी शीळ जमली नाही, पण हे माझं कोण ऐकतो?

मूळ दुखणं दहाव्याचं. पिंडाला कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हापासून कृष्णावहिनींच्या जिवाला घोर, की यांची काहीतरी इच्छा राहिली. आमचे पुरोहित भीमाचार्य यांनी तो बरोबर हेरला. त्यांचा भाचा बिंदुमाधव भिंतीपलीकडच्या खोलीत भाड्याने राहायचा. आचार्य म्हणाले, कावळा नसेना, नरसिंहरावांचा जीव रेडिओत होता, त्यालाच विचारू. शीळ आली तर नकार, गाणं चालू राहिलं तर होकार.

माझी पुतणी अनुसूया हिला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. तिने डॉक्टर व्हावं का, असं विचारून आचार्यांनी घंटा वाजवली. रेडिओने गाणं गिळून लांब शीळ घातली. मग बिंदुमाधवाला द्यावी का? गाणं खुशाल चालू राहिलं. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी चिडून बोलायला लागलो, तर लोकांनी मलाच गप्प बसवलं.

अनुसूयाच्या मात्र लक्षात आलं, की दुसऱ्या प्रश्नाला घंटा वाजलीच नव्हती. तिने ती उचलली आणि वडिलांच्या रेडिओकडे वळली.

"आई, मलाही स्वल्प विचारू दे. अण्णा, आचार्य सांगतात ते खरं का?"

घंटा वाजली. रेडिओने कडाडून शीळ घातली, म्हणजे नकार. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्मा कोपला, असं आचार्य सांगू लागले. अनुसूयाने घंटा माझ्या हाती दिली, वाजवत राहा म्हणाली आणि बाहेर पडली. मी मनापासून वाजवली. दर वेळी शीळ येत होती, मग ती एकाएकी थांबली.

आम्ही सगळे शेजारच्या खोलीत धावलो. भिंतीला कान आणि स्वतःच्या रेडिओच्या बटणावर हात, अशा अवस्थेत बिंदुमाधव अनुसूयापुढे उभा होता. भिंतीतून त्याला प्रश्न कळत नसत, घंटा तेवढी ऐकू येई.

अनुसूयाने समजावलं. रेडिओ नुसता ऐकत नाही, चालू असताना स्वतःही बारीकशा लहरी सोडतो. त्याचं बटण फिरवून त्या लहरी शेजारच्या रेडिओवर लागलेल्या स्टेशनाजवळ आणल्या, की दोन्ही एकमेकींत घुसतात आणि तिथे शीळ वाजते. आचार्य तोवर चपला शोधत होते.

वहिनींनी ते बटण स्वतः फिरवून पाहिलं. आमच्या घरातून शीळ आली. पुन्हा फिरवलं, पुन्हा आली. मग त्या अनुसूयाकडे वळल्या.

"म्हणजे यांनी नाही म्हटलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "जा गं, डॉक्टर हो."

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटतो, मलाही वाटतो. पण तो ऐकू आलाच, तर हात जोडण्याआधी भिंतीपलीकडे कोण राहतं, तेवढं जाऊन बघावं.