एक मुलगी, नाव माहीत नाही

परेश गायकरने विचुंब्यात नवी इमारत बांधली आणि तिच्या पार्किंगमध्ये मांडव घालून सत्यनारायण केला. मांडवाच्या एका अंगाला दहा फुटी फ्लेक्स लावला होता. त्यावर हिरवंगार झाड, बुंध्यावर ‘कै. हिराजी बाळू गायकर परिवार’ अशी अक्षरं, आणि फांदीफांदीवर गोल चौकटीत मुलं, नातवंडं, पतवंडं. लोक प्रसादाचा द्रोण घेऊन त्या झाडापुढे उभे राहत आणि आपलं माणूस सापडलं की बोट लावून दाखवत.

गोदू तिथे बराच वेळ उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटक, नऊवारीचा काष्टा अजून पक्का. तिला वाचता येत नव्हतं. शेवटी तिने वसुंधरा गोरेंना हाताला धरून तिथे आणलं.

“ताय, वाचून दाव. यात मी कुठं हाय?”

वसुंधराबाईंनी बुंध्यापासून सुरुवात केली. हिराजी, म्हणजे गोदूचा बाप. त्याच्या वर त्याचे दोन मुलगे, दिनानाथ आणि काशिनाथ. दिनानाथचा परेश, परेशची बायको रमा, त्यांची मुलगी अंकिता, अंकिताचा नवरा. काशिनाथची चार मुलं आणि त्यांचा गोतावळा. जावयांचेसुद्धा फोटो होते. एक्केचाळीस नावं वाचून झाली. वसुंधराबाईंनी पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांचा चेहरा बघून गोदूच म्हणाली, “नाय ना?” आणि द्रोणातला शिरा संपवून ती घरी गेली.

त्या दोघींची ओळख वीस वर्षांची. खांदा कॉलनीच्या वळणावर गोदू भाजी घेऊन बसायची. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, थंडीत वालाच्या शेंगा. वसुंधराबाई नोकरीहून परतताना तिच्यापाशी थांबत. त्यांचे यजमान गेले तेव्हा गोदू रोज पाटी रिकामी झाली की वर येऊन त्यांच्यासोबत चहा पिऊ लागली. ती सवय मग मोडली नाही. चहा पिता पिता ती खिडकीतून बोट दाखवी. तुमची बिल्डिंग हाय ना, हितं पांडूचा वालाचा शेत होता. तो एटीएम दिसतो, तिथं आमची म्हस बसायची. वसुंधराबाई त्या घरात तीस वर्षं राहत होत्या, पण आपल्या पायाखाली कुणाचं शेत आहे हे त्यांना गोदूने सांगितल्यावर कळलं.

गंमत अशी, की हजारो मैलांवरच्या एका गावाचं शेतन् शेत त्यांना पाठ होतं. बेलापूरला परदेशी पुस्तकांची अक्षरजुळणी करणाऱ्या कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. त्यातली अकरा वर्षं एकाच कामात गेली. पेल्हॅम नावाचे एक म्हातारे इंग्रज गृहस्थ थॉर्नवेल नावाच्या जमीनदार घराण्याची वंशावळ लिहीत होते. सातशे वर्षांपूर्वीचं घराणं. कुणाला कुठलं कुरण मिळालं, कुणी कुणाच्या मुलीशी लग्न केलं, विधवेने आपल्या तिसऱ्या हिश्शासाठी दिरावर कसा दावा लावला, सगळं त्यात होतं. पेल्हॅमसाहेबांचं बारीक तिरकं अक्षर फक्त वसुंधराबाईंना लागायचं, म्हणून ते बाड कायम त्यांच्याच टेबलावर यायचं. आधी पोस्टाने, मग ईमेलने. नाताळात त्यांचं कार्ड येई, त्यावर त्या गावच्या चर्चचं चित्र. दुपारी डबा खाताना वसुंधराबाई शेजारच्या मुलींना थॉर्नवेलांच्या घरातल्या भानगडी सांगत आणि मुली चवीने ऐकत, जणू पलीकडच्या बिल्डिंगमध्येच घडल्यात.

पेल्हॅमसाहेबांचा एक नियम होता. जुन्या कागदांत मुलग्यांची नावं असत, मुलींची पुष्कळदा नसत. पण कुठे एका ओळीत जरी कळलं, की अमक्याला एक मुलगी होती, तर ते तिच्यासाठी रेघ काढायला लावत आणि रेघेखाली लिहायला लावत, ‘एक मुलगी, नाव माहीत नाही.’ एकदा जागा पुरेना म्हणून वसुंधराबाईंनी अशा तीन रेघा गाळल्या. प्रूफ परत आलं तेव्हा तिन्ही रेघा साहेबांनी लाल पेनाने पुन्हा काढलेल्या होत्या आणि बाजूला लिहिलं होतं, जागा करा.

सत्यनारायणानंतर दोन दिवस गोदू वळणावर दिसली नाही. तिसऱ्या दिवशी ती चहाला आली आणि तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. हिराजीच्या दोन बायका. पहिली मुलग्यांची आई. दुसरी सोनी, उरणकडच्या मिठागरावरच्या घरातली, ती गोदूची आई. गोदू सहा वर्षांची असताना सोनी गेली, आणि मामाने पोरीला उचलून मिठागरावर नेलं. तिथेच ती वाढली, तिथेच लग्न झालं. शाळेत गेली नाही, त्यामुळे दाखला नाही. नवरा गेल्यावर ती पनवेलला आली, तेव्हा बाप कधीच वारला होता. भाऊ रस्त्यात भेटले की बोलायचे, आता तेही राहिले नव्हते. परेश तर तिला आत्याच म्हणायचा.

“आत्या बोलतो,” गोदू म्हणाली, “मग कोणाची आत्या मी?”

वसुंधराबाई तिला घेऊन परेशच्या ऑफिसात गेल्या. रेती-सिमेंटच्या धंद्यातला पन्नाशीचा माणूस, स्वभावाने वाईट नाही. त्याने थंड पेय मागवलं आणि सरळ सांगितलं. फ्लेक्स बनवणाऱ्याला त्याने वारसनोंदीसाठी तयार केलेली वंशावळच दिली होती, आणि ती वंशावळ वकिलाने कागदांवरून केली होती. आजोबांना मुलगी होती हे त्याने ऐकलं होतं, पण रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, कुठेच तिचं नाव नव्हतं. मग जरा अडखळत तो म्हणाला, की आत्याचं नाव घालायला त्याची ना नाही, पण मग तिने लगेच जमिनीची हक्कसोड करून द्यावी, म्हणजे पुढे गुंता नको.

गोदूने पदर सावरला. “सोडाया आदी हातात काय तरी लागतं, परेश. आदी माजं नाव लिव. सोडायचा का नाय, ते मी मागून सांगंन.”

परेश हसला, पण ओशाळूनच. पुरावा आणा, एवढंच तो बोलला.

घरी येताना रिक्षात वसुंधराबाईंना थॉर्नवेलांची जोन आठवली होती. बाप मेला तेव्हा ही पोर तान्ही होती. मोठी होऊन जमीन मागायला गेली, तर ती सज्ञान झाली, हे सिद्ध कसं करायचं? त्या काळी जन्माची नोंद ठेवत नसत. मग गावातली बारा वडीलधारी माणसं बोलावली गेली आणि प्रत्येकाला विचारलं, ही जन्मली तो दिवस तुझ्या ध्यानात कसा राहिला? एकाने सांगितलं, त्याच आठवड्यात माझा बैल नदीत बुडाला. दुसरा म्हणाला, मी चर्चच्या छपरावरून पडलो आणि पाय मोडला. तिसऱ्याने त्या दिवशी परसात नासपतीचं झाड लावलं होतं. त्यावर जोनला तिची जमीन मिळाली. ते पान जुळवताना वसुंधराबाई ऑफिसात एकट्याच हसल्या होत्या, आणि मग का कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यांनी तलाठी कार्यालयात जाऊन चौकशी केली. कागद नसेल तर गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब चालतात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. सातशे वर्षांत फारसं काही बदललं नव्हतं म्हणायचं.

पुढच्या रविवारी सकाळी सोनाबाईंच्या ओट्यावर माणसं जमली. सोनाबाई शहाऐंशी वर्षांच्या, हिराजीच्या घराला लागून त्यांच्या बापाचं घर होतं. दुसरी मालू, तिची आई गावची सुईण. तिसरा शिवा, वय बहात्तर, गावात त्याच्या शब्दाला वजन. परेशही आला, आणि रमाने आपणहून चहाचा थर्मास आणला. वसुंधराबाईंनी वही उघडली आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला.

सोनाबाईंनी आधी हात झटकला, काय आठवणार आता. मग त्या बोलायला लागल्या तशा थांबेनात. हिराजीच्या खळ्यावर मळणी चालली होती. घरातून निरोप आला तसा हिराजी बैल तसेच सोडून धावला. एका बैलाने मनसोक्त भात खाल्लं, आणि सोनाबाईंना, त्या बारा वर्षांच्या असतील, त्यांच्या बापाने बैल हाकायला पाठवलं. त्या बैलाच्या तोंडाला मुसकं नव्हतं. त्याचं नाव ढवळ्या. तिथून बोलता बोलता त्या खळ्यावर गेल्या, खळ्यावरून गाढी नदीच्या कोंडीवर, कोंडीत मिळणाऱ्या मळव्या माशांवर, सगळ्या गावाला मिळून एकच पेट्रोमॅक्स होता त्यावर. परेश मोबाइल खिशात घालून ऐकत बसला. ते खळं म्हणजे आता त्याच्या इमारतीचं गेट, असं सोनाबाईंनी हाताने दाखवलं तेव्हा तो उठून ओट्याच्या कडेला गेला आणि बघून आला.

मालूची आठवण वेगळीच निघाली. वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि त्या दिवशी बांधावर पोरांची पोपटी लागायची होती. शेंगा भाजायचं मडकं, त्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला, सगळं तयार. तेवढ्यात आईने तिला हाक मारली, की चल, हिराजीकडे पाणी तापवायला माणूस पाहिजे. ती परत आली तोवर पोरांनी सगळ्या शेंगा संपवल्या होत्या.

“हिच्या पायी माजी पोपटी गेली,” मालू गोदूकडे बघून म्हणाली. सगळे हसले, पण मालू हसली नाही. तिला अजून ते लागलेलं होतं.

मग शिवाने घसा खाकरला. त्याने सांगितलं, की सोनीला चार दिवस दूध आलं नाही, तेव्हा त्याच्या आईने या पोरीला अंगावर पाजलं, एका बाजूला त्याचा थोरला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला गोदू. हे आपण डोळ्यांनी पाहिलंय, असं त्याने ठासून सांगितलं.

वसुंधराबाईंचं पेन थांबलं. शिवा गोदूहून दोन वर्षांनी लहान. थॉर्नवेलांच्या कागदांतही असेच साक्षीदार होते. पेल्हॅमसाहेबांनी एकदा लिहिलं होतं, की बैल बुडाल्याची तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या गावांच्या साक्षींत सापडते, आणि एवढे बैल काही बुडाले नसणार. पण गोष्ट उसनी असली तरी मुलगी खरी होती. वसुंधराबाईंनी शिवाला हळूच विचारलं, “शिवाभाऊ, तुमचा जन्म तेव्हा झाला होता का?”

शिवा गडबडला. त्याने बोटांवर मोजलं. मग खाली बघून म्हणाला, “आयनी सांगितलेला. इतक्यांदा सांगितला का मना वाटतं मीच बघितला.”

त्यांनी तसंच लिहिलं, आईकडून ऐकलेलं. परेश वहीत डोकावून बघत होता. ती ओळ वाचल्यावर त्याचा आवाज बदलला. “मॅडम, हे चालेल,” तो म्हणाला. “बाकीचं पण असंच लिहा.”

तलाठी कार्यालयात तिघांचे अंगठे आणि सह्या झाल्या. शिवा सही करताना खुर्चीवर ताठ बसला होता. नव्या वंशावळीत हिराजीपासून तिसरी रेघ निघाली आणि तिच्याखाली टाइप झालं, गोदावरी हिराजी गायकर. गोदूला स्वतःचं हे पूर्ण नाव कुणी लिहिलेलं पहिल्यांदाच दिसत होतं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि यातला बापूस कुठला, असं विचारलं. वसुंधराबाईंनी मधला शब्द दाखवला. ती तिथेच बोट ठेवून बसली, तेव्हा कारकून बाईंनी पुढच्या माणसाला जरा थांबायला सांगितलं.

त्या संध्याकाळी वसुंधराबाईंनी पेल्हॅमसाहेबांच्या पत्त्यावर ईमेल लिहायला घेतला. ते जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यांच्या मुलीने कळवलं होतं, तरी तो पत्ता त्यांनी काढून टाकला नव्हता. चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या नाहीत. कपाटाच्या खालच्या खणातून नाताळची कार्डं काढून त्या बराच वेळ चाळत बसल्या. बेलापूरचं ऑफिस आता तिथे नव्हतं. डबा खाणाऱ्या त्या मुलींपैकी एकीचा फोन नंबर सापडला, तिला त्यांनी फोन लावला आणि तासभर बोलल्या.

परेशने फ्लेक्स काही बदलला नाही, मांडव सुटला तसा तोही उतरला होता. पण भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा रमा रिक्षा घेऊन गोदूच्या दारात उभी राहिली. गोदू तीन दिवस माहेरी राहिली आणि परत येऊन वसुंधराबाईंकडे तक्रार केली, की रमा नारळ फार घालते आणि गादी इतकी मऊ आहे की पाठ धरली.

हक्कसोडीवर तिने अजून सही केलेली नाही. परेश महिना-दीड महिन्याने कागद घेऊन येतो. ती त्याला बसवते, चहा देते, आणि म्हणते, वाचून दाव. तो पहिल्यापासून वाचतो, गोदावरी हिराजी गायकर, मूळ राहणार विचुंबे. ती डोळे मिटून ऐकते. वाचून झालं की सांगते, आज नको, आज अमावस्या हाय, नाहीतर आज गुडघा दुखतोय. परेशलाही आता त्याची घाई राहिलेली दिसत नाही. परवा आला तेव्हा तो कागद गाडीतच विसरला होता, आणि दोघांपैकी कुणालाच तो आणायची आठवण झाली नाही.