रायमाचा वाडगा

हागेनच्या डोंगरातल्या त्या वस्तीत डोरकास रोज सकाळी चर्चमागे लहान पोरांसाठी रताळं, शेंगदाणे आणि मासळीची पेज शिजवायची. सगळी पोरं अंगानं भरली, एकटा रायमा वाळतच चालला. आज वजनाच्या झोळीत तो आणखी हलका भरला, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. ती तडक त्याच्या घरी गेली.

दारातच तिचे पाय खिळले. रायमाची आई मितिपा चुलीपाशी बसून डुकराच्या पिल्लाला पेज चारत होती. वाडगा तोच, सकाळी डोरकासनेच भरून दिलेला. शेजारी रायमा बोट चोखत बघत होता.

“अगं बये! पोराच्या तोंडचा घास डुकराला? लाज कशी वाटत नाही?”

“माझ्यावर कशाला ओरडतेस, काकी? तुझ्या लेकाच्या लग्नात नवरीकडच्यांना द्यायच्या डुकरांत हे आमच्या घरचं. रोडकं आणलंत तर कुळाचं नाक कापलं जाईल, असं तुझाच नवरा बजावून गेलाय.”

डोरकासची नजर त्या गुबगुबीत पिल्लावर गेली. गेल्याच आठवड्यात तिने त्या पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत कौतुकानं विचारलं होतं, “काय गं चारतेस ह्याला?”