भार टेकेपर्यंत

दुपारी दोन वाजता सोल्वाय थेस्ट्रुपने त्या दिवसाची एकेचाळिसावी नोंद केली: दहा पूर्णांक दोन. मर्यादा दहाची होती. क्रेनच्या टोकाला बसवलेलं वारामापक सेकंदाला किती मीटर वारा वाहतो हे अखंड मोजत होतं आणि दर दहा मिनिटांनी सरासरी काढून देत होतं. सकाळपासून ही सरासरी दहाच्या उंबरठ्यावर घुटमळत होती. धड आत येत नव्हती, धड निघून जात नव्हती.

सोल्वाय मात्र केबिनमध्ये जात होती, बाहेर येत होती, पुन्हा आत जात होती. राय धान्याच्या पावाच्या तिच्या डब्याचं झाकण साडेअकराला उघडलं होतं, ते तसंच उघडं होतं.

बाहेर बीटाच्या शेतात पवनचक्कीचा मनोरा उभा होता. वरच्या चाकाला तीनपैकी दोन पाती गेल्या दोन दिवसांत बसली होती. तिसरं जमिनीवर लाकडी घोड्यांवर आडवं पडलं होतं: लांबी अडुसष्ट मीटर, वजन एकोणीस टन. अडचण वजनाची नव्हती. क्रेनने याच्या दसपट वजनं उचलली होती. अडचण अशी, की पातं हे वारा पकडण्यासाठीच घडवलेलं असतं. आपल्याला अजून जागेवर बसवलेलं नाही हे त्याला ठाऊक नसतं. हुकाला टांगलं की लगेच ते आपलं काम सुरू करू पाहतं. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना दोर बांधलेले असतात आणि दोन विंच ते दोर आपोआप ओढत-सोडत त्याला वाऱ्यात सरळ धरून ठेवतात.

आणि एकशेबारा मीटरवर, चाकाच्या पोकळ गाभ्यात, गोर्म आणि ट्रोल्स अकरा वाजल्यापासून बसून होते. पात्याच्या बुंध्याचे बोल्ट गाभ्याच्या भोकांत नेमके शिरतात की नाही हे पाहणं त्यांचं काम. शेवटच्या हातभर अंतरात बोटांनी चाचपल्याशिवाय ते होत नाही. वारा रात्री एकोणीसवर जाणार होता. दोनच पात्यांचं, एका अंगाला जड झालेलं चाक कुलूपबंद करून रात्र काढणं कागदावर चालत होतं, पण कुणाच्या मनाला रुचत नव्हतं. पातं आज चढवायचं होतं आणि त्या दोघांना वीस बोटांनिशी खाली आणायचं होतं. उचलीची प्रमुख सोल्वाय होती. दोन्ही गोष्टी तिच्या नावावर होत्या.

"सोल्वाय, एक कोडं सोडवा." दारात होल्गर नॉर्केअर उभे होते. गावच्या एकशेचौदा कुटुंबांनी मिळून ही पवनचक्की घेतली होती आणि होल्गर त्यांचे अध्यक्ष. शेवटचं पातं चढलं की मालकाने कामगारांना बिअर आणि सॉसेजची मेजवानी द्यायची, ही रीत पाळायला ते दुपारपासूनच टेबलं मांडून बसले होते. "वारा जास्त आहे म्हणून पवनचक्की उभी राहत नाही. हे मी आमच्या लोकांना कसं समजावू?"

"ती उभी राहिली की वारा कमी आहे म्हणून फिरणार नाही. तेही आत्ताच सांगून टाका."

होल्गर हसले. "आमची झेंड्याची दोरी बघा. जराही हलत नाही."

"तुमची झेंड्याची काठी आठ मीटरची आहे," ती म्हणाली. "माझी माणसं एकशेबारावर आहेत."

ते गेल्यावर क्रेनचालक आर्नफ्रेडचा आवाज रेडिओवर आला. एकसष्ट वर्षांचा आर्नफ्रेड चाळीस वर्षं क्रेनच्या काचेत बसून जगाकडे वरून पाहत आला होता. सोल्वायने द्रवगतीवर डॉक्टरेट केली आहे हे कळल्यापासून तो तिला एकाच नावाने हाक मारत असे.

"डॉक्टरीणबाई, माणूस बदललास का?"

"नाही."

"अगं, दुधाने तोंड पोळलेलंच नाही आणि हा ताक फुंकत बसतो. काल दोनदा!"

माणूस म्हणजे आयविन. दोन्ही विंचांच्या फलकासमोर उभं राहून दोरांच्या ताणाचे दोन आकडे पाहायचे, हे त्याचं काम. पन्नाशीचा, आधी मासेमारीच्या बोटीवर होता, बोलणं मोजकंच. काल दुसरं पातं चढवताना त्याने दोनदा 'थांबा' म्हटलं होतं. पहिल्यांदा समुद्राकडून हंसांचा थवा येत होता. पाती चुकवून तो कधीच निघून गेला. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं. त्याने स्वतःच तसं सांगितलं.

या कामात 'थांबा' हा शब्द कुणाच्याही तोंडून येऊ शकतो. येताक्षणी सगळं गोठतं, मग भार परत जमिनीवर टेकवला जातो, आणि तो टेकेपर्यंत कुणीही 'का' विचारायचं नाही. असा नियम आहे. छापील आहे, आणि छापण्याआधीही होता. खर्च प्रत्येक खेपेला चाळीस मिनिटं.

"दोन प्रसंगांवरून माणसाविषयी काहीच सिद्ध होत नाही," सोल्वाय म्हणाली. "सुतावरून स्वर्ग गाठू नकोस."

"मी स्वर्गाच्या जवळच असतो, बाई. इथून दिसतो."

तिने माणूस बदलला नाही. मात्र सकाळी कॉफी पिताना ती आयविनजवळ जाऊन उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "तुला अडवत नाही. फक्त फलकावर काही दिसलं तर सांग. आकडा दिसला तर." तो "बरं" म्हणाला होता. हे बोलणं तेव्हा तिला समंजस वाटलं होतं.

दोन पन्नासला सरासरी नऊ पूर्णांक एक झाली. पुढची आठ पूर्णांक नऊ. सोल्वायने तिसरीची वाट पाहिली. तीही आठ पूर्णांक नऊ. तिने रेडिओ उचलला आणि एकेकाचं नाव घेतलं. आर्नफ्रेड हो म्हणाला. वरून गोर्म म्हणाला, "हो, आणि लवकर, ट्रोल्स मला त्याच्या मेहुणीच्या लग्नाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगतोय." आयविनचा 'हो' सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू आला.

पातं घोड्यांवरून सुटलं. काही क्षण त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, मग दोर ताणले गेले आणि ते आडवं, निश्चल, वर जाऊ लागलं. टेबलांपाशी टाळ्या वाजल्या. सोल्वायला टाळ्या आवडल्या नाहीत. वर टांगलेली वस्तू स्थिर दिसली की खालच्या माणसाला वाटतं वारा पडला. प्रत्यक्षात तिथे एक झटापट चालू असते आणि ती बरोबरीत सुटत असते, एवढंच. हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही अडुसष्ट मीटरची ती शांत रेघ पाहताना पहाटेपासून आवळलेला तिचा जबडा सैल झाला.

चार वाजून चार मिनिटांनी पात्याचा बुंधा गाभ्यासमोर आला.

"दीड मीटर," गोर्म सांगू लागला. "सरळ. येऊ दे. एक मीटर. दोन सेंटिमीटर डावीकडे... बस. येऊ दे. सत्तर."

आर्नफ्रेड सेकंदाला पाच सेंटिमीटर अशा गतीने भार पुढे सरकवत होता. साठ. पन्नास.

"थांबा," आयविन म्हणाला.

सोल्वायच्या समोरच्या पडद्यावर सरासरी आठ पूर्णांक आठ होती. डाव्या दोराचा ताण दोन पूर्णांक चार टन, उजव्याचा दोन पूर्णांक एक. धोक्याची घंटा तीनवर वाजते. सगळं मर्यादेच्या आत होतं. पन्नास सेंटिमीटरही उरले नव्हते. तिने बटण दाबलं आणि विचारलं:

"का? काय दिसतंय तुला?"

आर्नफ्रेडचा हात दांड्यावरून निघाला नाही. प्रमुखाने प्रश्न विचारला म्हणजे 'थांबा' अजून लागू झालेलं नाही, असं त्याच्या हाताने परस्पर धरलं. पाच सेंटिमीटर, पाच, पाच, पाच. आयविन म्हणाला, "मला... आकडा नाही..."

मग घंटा वाजली. डाव्या दोराचा ताण तीनपलीकडे गेला आणि विंचने, त्या यंत्राला शिकवल्याप्रमाणे, दोर तुटू देण्यापेक्षा सोडून दिला. पात्याचं दूरचं टोक वाऱ्याबरोबर सावकाश वळलं. बुंधा तितक्याच सावकाश दुसरीकडे झुकला आणि गाभ्याच्या कडेवर आदळला. आवाज खाली पोचायला सेकंदाचा तिसरा भाग लागला. मोठा नव्हता. कुणी तरी जड दार लोटावं तसा.

"गोर्म," सोल्वाय म्हणाली. "गोर्म. ट्रोल्स."

दोन श्वास गेले. ते तिने मोजले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"आहोत," गोर्मचा आवाज आला. "दोघंही. एक बोल्ट वाकलाय, वेताच्या छडीसारखा. हा भार माझ्यासमोरून न्या."

पातं खाली आणायला एक तास दहा मिनिटं लागली. वारा आता खरोखरच चढत होता आणि आयविनने आणखी तीनदा 'थांबा' म्हटलं. तिन्ही वेळा आर्नफ्रेडचा हात शब्द पुरा व्हायच्या आत थांबला. तिन्ही वेळा सोल्वाय गप्प राहिली आणि आयविनने 'चला' म्हणेपर्यंत गप्पच राहिली. गप्प राहणं इतकं कष्टाचं असतं हे तिला नवं होतं. भार मध्येच खोळंबलेला, अंगात घड्याळ टिकटिकतंय, आणि प्रश्न दातांमागे. टेबलांवरच्या माणसांनी बश्या उचलायला सुरुवात केली होती.

पातं घोड्यांवर टेकल्यावर ती केबिनमध्ये गेली आणि तिला जे येत होतं ते तिने केलं: नोंदी काढल्या. 'थांबा' आलं तेव्हा अंतर सेहेचाळीस सेंटिमीटर होतं. प्रश्नाला आणि उत्तराच्या अभावाला चार सेकंद लागले. अंतर उरलं सव्वीस. बुंधा झुकला एकतीस. सेहेचाळीसमधून एकतीस गेले तर पंधरा उरतात. हा हिशेब शाळेतलं मूल करील. तिने तो तीनदा केला.

मग तिने 'थांबा'च्या आधीचे दहा सेकंद तपासले. ताण, वाऱ्याची दिशा, विंचच्या चाकाची गती, वाऱ्याचे झोत. प्रत्येक रेघ तिने मोठी करून पाहिली. कुठेही काही नव्हतं. झोताची पहिली खूण 'थांबा'नंतर दीड सेकंदाने उमटलेली होती.

गोर्म मनोऱ्यावरून उतरून दारात आला. उजव्या हाताचा मोजा त्याने काढून खिशात खोचला होता.

"त्या वाकलेल्या बोल्टाला धरूनच होतो मी," तो म्हणाला. "आयविनने 'थांबा' म्हटलं आणि मी हात मागे घेतला. सवयीने. तू 'का' विचारलंस तेव्हा हात मांडीवर होता. एक सांग. त्याने काय सांगितलं असतं म्हणजे तू ऐकलं असतंस?"

सोल्वायने पडद्याकडे पाहिलं. "आकडा," ती म्हणाली.

"आणि आकडा कुठेय?"

"नव्हता. अजून आलाच नव्हता."

गोर्मने मान हलवली, जणू त्याला एवढंच हवं होतं, आणि तो हात धुवायला गेला.

अहवालाच्या फॉर्मवर घटनाक्रमाची चौकट होती. पात्याच्या कंपनीचा प्रतिनिधी, नीटनेटका तरुण गृहस्थ, तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाला, "इथे 'संपर्कात विलंब' असं लिहिलं तर पुरे. तुमच्यासाठीही बरं."

"संपर्क अगदी वेळेवर झाला होता," सोल्वाय म्हणाली, आणि तिने लिहिलं: *१६.०७ वाजता थांबण्याचा इशारा मिळाला. मी कारण विचारलं. त्यामुळे भार आणखी वीस सेंटिमीटर पुढे गेला.* तारीख घातली, सही केली. तो गृहस्थ दुसरीकडे पाहू लागला.

पुढची चौकट होती: इशाऱ्याचं कारण. ती रिकामी ठेवून फॉर्म पुढे जात नव्हता.

तिने आयविनला बोलावलं. तो आत आला, पण बसला नाही. बाहेर मनोऱ्यावर कुलूपबंद चाक वाऱ्यात कण्हत होतं आणि वारामापक तेरा दाखवत होतं.

"भार खाली आहे," ती म्हणाली. "आता विचारते. का?"

आयविनने टोपी काढली. "आधी वाटलं, विंचचा आवाज बदलला."

"बदलला नव्हता. नोंद पाहिली मी."

"मग तसंच असेल." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "भीती वाटली असेल. काल हंसांच्या वेळी वाटली तशीच. खरं सांगतो, फरक नव्हता काही."

यावर तिच्याजवळ उत्तर तयार होतं. तिच्या विद्याशाखेने ते तिला पंचवीस वर्षांपूर्वीच शिकवलं होतं: सहा वेळा ओरडणारा माणूस एकदा वेळेवर ओरडला, तर तो त्याचा गुण नव्हे, योगायोग. कदाचित होताही तसाच. पण नियमाला आयविन बरोबर असण्याची गरजच नव्हती. तो चुकीचा असतानाही गोर्मचा हात मांडीवर राहावा, एवढ्यासाठी नियम होता. तिला गरज होती, ती आकड्याची. आणि सकाळी कॉफीच्या कपासोबत ती आपली गरज तिने त्याच्या गळ्यात बांधली होती.

"सकाळी मी तुला जे म्हणाले," ती म्हणाली, "ते म्हणायला नको होतं. ते विसर."

"बरं," आयविन म्हणाला. मग म्हणाला, "मला उद्या त्या फलकावर ठेवू नकोस. आर्नफ्रेड बरोबर बोलतो. माझ्यामुळे सगळे अडतात."

कारणाच्या चौकटीत सोल्वायने 'माहीत नाही' असं लिहिलं. ते दोन शब्द तिने आपल्या सहीच्या वर याआधी कधी लिहिले नव्हते, आणि लिहिल्यावर बरं वाटलं असंही नाही. फॉर्म पुढे गेला. तिने उद्याच्या हजेरीचा कागद ओढला. बोल्ट बदलून व्हायला दहा वाजतील, आणि वारा उतरला तर अकराला उचल. फलकासमोरच्या जागेत तिने आयविनचं नाव घातलं.

त्याने ते उलट्या बाजूने वाचलं.

"आणि पुन्हा काही नसताना ओरडलो तर?"

"तर चाळीस मिनिटं जातील," सोल्वाय म्हणाली, आणि पुढची नोंद घ्यायला उठली.