ताई न म्हणणारं गिऱ्हाईक

डॉक्टरीणबाईंनी घशात छोटा आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्याचा कार्यक्रम करायचा असेल, तर आज एक शब्दही काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. त्याने घशाला जास्तच ताण पडतो."

"बरं," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बाईंनी डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

गावोगावी विनोदी कार्यक्रम करणारा हा माणूस. काल एका गावात लोकांना हसवलं होतं, उद्या दुसऱ्या गावात हसवायचं होतं. मधला सुट्टीचा दिवस तो थोरल्या बहिणीकडे घालवणार होता. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं आणि राहायची जागा दुकानाच्या वरच. लहानपणी याच्या तोंडाची टकळी कधी थांबत नसे, म्हणून ती त्याला टकळ्या म्हणायची. पन्नाशी जवळ आली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

डॉक्टरांची चिठ्ठी वाचून ती हात जोडून म्हणाली, "मौनव्रत? तुझं? आई असती तर डॉक्टरांच्या पाया पडली असती रे!"

तो दुकानातल्या स्टुलावर बसला. ती मशीनवर एका पँटची कंबर आत घेत होती. जुनी शिलाई उसवायची, खडूने नवी रेघ आखायची, टाचण्या लावायच्या, मग मशीन चालवायची. पाहता पाहता त्याने तिचा खडू उचलला आणि काळ्या अस्तराचा एक तुकडा मांडीवर घेतला.

पडदे घ्यायला आलेल्या एका आजींनी विचारलं, "ताई, हे कोण हो?"

"शोभेचा पुतळा आहे."

त्याने अस्तरावर लिहून ते छातीशी धरलं: 'विकाऊ नाही.'

आजी खदखदून हसल्या. बहिणीने हाताने अक्षरं पुसली. "मुका केला तरी वाचाळच!"

विनोद करणाऱ्यांना एक खोड असते. दोन माणसांमध्ये जरा शांतता पसरली की त्यांना ती फाटक्या कापडासारखी दिसते, आणि लगेच ठिगळ लावल्याशिवाय राहवत नाही. याचं तर पोटच त्यावर चालायचं.

दुपारी बहिणीने दारावरची पाटी फिरवून 'बंद' केली. दुकानातल्या टेबलावरच जेवणं झाली. ताटं उचलली गेली तरी ती उठेना. टेबलावरचे दोऱ्याचे बारीक तुकडे बोटाने गोळा करत बसली.

"टकळ्या, तुला एक सांगायचंय. मागच्या खेपेला सांगायला घेतलं होतं. तू असं काही बोललास की मीही हसले, आणि राहून गेलं. आज तुझं तोंड बंद आहे तोवर सांगते."

त्याचा हात खडूकडे गेला.

"खाली ठेव तो."

त्याने ठेवला. पण हाताशीच.

"मी चाळिसाव्या वर्षी पोहायला शिकत होते. त्यावर तू स्टेजवर बोलायचास. ताई पाण्यात उतरली आणि तलावातलं पाणी बाहेर पळालं. आठवतं?"

त्याने मान हलवली. तो विनोद खूप चालला होता.

"इथेही चालला. भाजी घ्यायला जावं तर लोक विचारायचे, काय ताई, तलावात पाणी आहे का? मी पोहायला जायचं सोडलं. नुकतं कुठे तरंगायला येत होतं."

हे त्याला ठाऊक नव्हतं. एरवी तो म्हणाला असता, 'मग तलावाने आभार मानले असतील.' शब्द आतून वर आलाही होता. घशाशी येऊन बसला आणि तिथेच कडू झाला.

"एक गृहस्थ आहेत," ती म्हणाली. "लिफ्ट दुरुस्त करतात. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. दर आठवड्याला कोटाचं बटण तुटलं म्हणून घेऊन येतात. आता झिजून तुटलेला दोरा आणि पात्याने कापलेला दोरा, यातला फरक मला कळत नाही होय?"

ती हसली. मग गंभीर झाली.

"दुकानात येणारा प्रत्येक जण मला ताई म्हणतो. पोरंटोरं म्हणतात, मघाच्या आजीसुद्धा म्हणाल्या. हे एकटे कधीच म्हणाले नाहीत. सुरुवातीला वाटलं, शिष्ट आहेत. मग लक्षात आलं, म्हणायचंच नाहीये त्यांना. काही हवं असलं की नुसतं 'अहो'. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं. सरळच. आज उत्तर न्यायला येणार आहेत."

आणि त्याच्या डोक्यात तो विनोद जन्माला आला. लोक प्रेमात काळीज काढून देतात, आमच्या ताईच्या वाट्याला बटणं आली. मागोमाग 'अहो'. लग्नाआधीच 'अहो' म्हणणारा नवरा! त्याला सभागृह दिसलं, कुठे थांबायचं ते दिसलं, टाळी कुठे पडेल तेही दिसलं. वर्षभर पुरेल असा माल होता. खडू चार बोटांवर होता.

"लोक हसले तर मी सोसेन," ती म्हणाली. "पण तू हसवलंस, तर त्यांना या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. साधा माणूस आहे रे. तेव्हा मला आत्ताच कळू दे. तुझ्या कार्यक्रमात ते विनोद म्हणून येणार असतील, तर माझ्या घरात नाही आणायची मी त्यांना. नाही म्हणून सांगेन."

मशीनच्या दिव्याचं बटण तिने उगाच दाबलं, पुन्हा बंद केलं. ती वाट पाहत होती. यापूर्वी तिला कधी इतका वेळ मिळालाच नव्हता, आणि तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ त्यानेही कधी पाहिलं नव्हतं.

त्याने खडू उचलला. ती सावध झाली. त्याने तो तिच्या हातात ठेवला आणि तिची मूठ मिटली.

"म्हणजे काय?" ती म्हणाली. "नीट सांग ना."

दारावर टकटक झाली.

लिफ्टवाले आत आले. भांग नीट पाडलेला, हातात कोट. कोपऱ्यातल्या पाहुण्याला त्यांनी ओळखलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"नमस्कार. मी... आमचा धंदा म्हणजे सगळा वरखाली," ते म्हणाले. पाठ केलेलं वाक्य असावं. कुणी हसलं नाही. ते घाईने म्हणाले, "तुमच्यापुढे विनोद म्हणजे... माफ करा हं."

"त्याला बोलायला मनाई आहे," बहीण म्हणाली. "घसा बसलाय. उद्या कार्यक्रम आहे."

"असं होय." त्यांनी कोट पुढे केला, मग मागे घेतला. "अहो, मी नंतर येऊ का? उत्तराची तशी घाई नाही."

"थांबा," ती म्हणाली. तिची नजर भावाकडे होती, आणि मुठीत तो खडू.

तो उठला. उद्याची तिकिटं विकली गेली होती. डॉक्टरीणबाईंचे डोळे आठवले. तो लिफ्टवाल्यांसमोर जाऊन उभा राहिला, आणि गंजलेलं दार ढकलावं तसा आवाज काढला.

"भावजी."

अर्धा शब्द घशातच राहिला. त्याला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणाले?" लिफ्टवाले घाबरून तिच्याकडे वळले. "मला नीट ऐकू आलं नाही."

तिने पदराने डोळे टिपले.

"तुम्हाला नात्याने हाक मारली त्याने."

लिफ्टवाले कोट काखेत धरून, शाळेत हजेरी देताना मुलं उभी राहतात तसे ताठ झाले.

"ओ," ते म्हणाले.